प्रकाशाचा सांधा कुणाच्या हाती?



रेल्वेच्या आणि टपाल खात्याच्या कचेऱ्यांतून सध्या एक युक्तिवाद फिरतो आहे. काचेच्या तारेतून प्रकाशाने चालणारी दळणवळण यंत्रणा आता इतकी शहाणी झाली आहे की प्रकाश आपली वाट आपणच शोधतो. मग वाटेत माणसे कशाला हवीत? टेलिकॉम मेंटेनरची जागा रिकामी झाली तर ती भरायची नाही, केबल जोडणारी टोळी मोडून ते काम कंत्राटदाराला द्यायचे, स्टेशनावरच्या दूरसंचार खोलीला कुलूप लावून कुठल्यातरी दूरच्या नियंत्रण कक्षात चार संगणक मांडायचे, आणि या सगळ्याला 'आधुनिकीकरण' म्हणायचे, असा हा बेत आहे. या बेताचा मुख्य साक्षीदार म्हणून एका लहानशा उपकरणाला उभे केले जाते. त्याचे नाव ऑप्टिकल स्विच.

आम्ही या उपकरणाच्या विरोधात नाही. ते काय करते आणि काय करू शकत नाही हे कामगारांनी नीट समजून घेतले, तर हाच साक्षीदार आपल्या बाजूने बोलू लागेल, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून आधी उपकरण समजून घेऊ, मग भांडण करू. न समजता केलेल्या विरोधाला साहेबलोक हसतात आणि न समजता दिलेल्या संमतीची किंमत आपण मोजतो.

बॅग न फोडता

काचेचा हा तंतू साधारण माणसाच्या केसाएवढा, १२५ मायक्रॉन जाडीचा. म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याचा गाभा तर अवघा नऊएक मायक्रॉनचा. त्या गाभ्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश जातील, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले, आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत तसा तंतू तयार झाला. आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. तेव्हा टपाल आणि दूरसंचार ही दोन बिऱ्हाडे झाली नव्हती. डाक-तार हे एकच घर होते.

आज एका तंतूतून एकाच वेळी ऐंशी-नव्वद वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश पाठवता येतो. सोयीसाठी त्यांना रंग म्हणू. प्रत्येक रंग म्हणजे त्याच रुळावरून धावणारी स्वतंत्र गाडी. पूर्वी मोठ्या ठाण्यावर हा सगळा प्रकाश उतरवून त्याची वीज करावी लागे, विजेतला मजकूर वाचून त्याची वर्गवारी करावी लागे आणि मग पुन्हा लेसर लावून त्याचा प्रकाश करून पुढे धाडावा लागे. आर.एम.एस.मधल्या आमच्या भावांना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्रत्येक ठिकाणी बॅग फोडायची, टपाल लावायचे, पुन्हा बॅग बांधून सील करायची, तसलाच हा प्रकार. ऑप्टिकल स्विच करतो ते टी.एम.ओ.चे काम: बॅग न फोडता, वरचे लेबल पाहून, या गाडीतून त्या गाडीत. आणि रेल्वेच्या भावांनी त्याला सरळ सांधा म्हणावे. गाडी रिकामी करायची नाही, फक्त रूळ सरकवून तिला दुसऱ्या वाटेवर घ्यायचे.

हा सांधा हलवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. सर्वांत साध्या प्रकारात तंतूचे टोक किंवा लहानसा लोलक खरोखरच सरकवला जातो. यातल्या काहींत वीज गेली तरी सांधा आहे त्याच जागी राहतो. दुसऱ्या प्रकारात सिलिकॉनवर कोरलेले बारीक आरसे तिरपे होतात आणि किरणाला हव्या त्या तंतूत टाकतात. तिसऱ्यात द्रवस्फटिकाचा पडदा प्रत्येक रंगाला वेगवेगळी दिशा देतो; रंगारंगांची निवड करणारे आजचे बरेचसे स्विच या जातीचे आहेत. काही ठिकाणी काचेची वाट किंचित तापवून प्रकाशाची चाल बदलतात, तर लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाला विजेचा दाब देऊन हेच काम सेकंदाच्या अब्जांश भागात करता येते. केबल तुटल्यावर वाहतूक दुसऱ्या बाजूने वळवण्यासाठी दूरसंचारात ५० मिलिसेकंदांची मर्यादा रूढ आहे. तेवढ्या वेळात पापणीही पुरती लवत नाही. ही करामत खरी आहे आणि तिचे कौतुक करायला आम्हांला कमीपणा वाटत नाही.

पण बंद बॅगेत काय आहे हे टी.एम.ओ.ला कळत नाही, तसे या स्विचलाही प्रकाशात काय आहे हे कळत नाही. तो पत्ता वाचत नाही, मजकूर तपासत नाही. शिवाय प्रकाश फलाटावर थांबवून ठेवता येत नाही; टपालाची बॅग रात्रभर ठेवता येते, किरण नाही. म्हणून वर्गवारीचे खरे काम दोन्ही टोकांना विजेवर चालणाऱ्या यंत्रांतच होते. मधल्या ठाण्यांवरची दुहेरी उठाठेव तेवढी वाचते. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये आपल्या संगणक-केंद्रांच्या जाळ्याबद्दल निबंध प्रसिद्ध केला. आरशांचे ऑप्टिकल स्विच वापरून नव्याने बांधलेल्या या जाळ्यात वीज ४१ टक्के आणि भांडवली खर्च ३० टक्के कमी झाला, असे त्यांनी लिहिले. त्यांनी सांगितलेली बचत विजेची आहे आणि यंत्रसामग्रीची आहे. त्यातून मेंटेनरची जागा रद्द करण्याचे समर्थन कोणी काढत असेल तर ते त्याच्या पदरचे आहे.

आरसे आले, कामगार गेले

हेच उपकरण बाजाराच्या हाती सापडले तेव्हा काय झाले, तेही पाहू. २००० साली अमेरिका-युरोपात दूरसंचार कंपन्यांच्या शेअरचे भाव आभाळाला भिडले होते. ल्युसेंट कंपनीने २५६ तंतूंतला प्रकाश दुसऱ्या २५६ तंतूंत कुठेही वळवणारा आरशांचा स्विच बाजारात आणला. अजिलेंट कंपनीने शाईच्या छपाईयंत्रातली युक्ती वापरून काचेच्या वाटांच्या चौकात बुडबुडा आणायचा आणि त्यावरून प्रकाश वळवायचा, असा स्विच दाखवला. कॅनडाच्या नॉर्टेल कंपनीने आरशांचे स्विच बनवणारी एक कोवळी कंपनी ३२५ कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात विकत घेतली. यंत्र अजून धड उभे राहिले नव्हते, पण त्याच्या नावावर सट्टा जोरात होता.

मग फुगा फुटला. २००१ पासून मागणी आटली. ल्युसेंटने तो स्विच २००२ मध्ये बंद केला. नॉर्टेलमध्ये २००० साली ९० हजारांच्या वर लोक कामाला होते. २००२ संपेपर्यंत त्यांतले निम्मेही उरले नाहीत. जानेवारी २००९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि निवृत्तिवेतनधारकांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आरशांचा यात काय दोष? ते तंत्र चांगलेच होते, म्हणून तर वीस वर्षांनी ते मोठमोठ्या संगणक-केंद्रांत पुन्हा उभे राहिले. दोष होता तो सांध्याची किंमत शेअरच्या भावाने मोजणाऱ्या व्यवस्थेचा. नफा वर गेला तेव्हा तो मूठभरांचा होता, आणि तोटा आला तेव्हा मात्र तो सर्वांमध्ये वाटला गेला.

आपल्या घरची गोष्ट

आता आपल्या देशाकडे वळू. १९८५ मध्ये डाक-तार खात्याचे दोन भाग झाले. १९९४ आणि १९९९ च्या दूरसंचार धोरणांनी खाजगी कंपन्यांना दार उघडून दिले. ऑक्टोबर २००० मध्ये दूरसंचार सेवेतून बी.एस.एन.एल. ही कंपनी काढली गेली. त्याच साली सप्टेंबरात रेल्वेच्या रुळांलगतच्या फायबरचा व्यापार करण्यासाठी रेलटेल स्थापन झाली. जुलै २०१३ मध्ये तार सेवा बंद पडली. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बी.एस.एन.एल.चे सुमारे ७८ हजार कर्मचारी 'स्वेच्छा'निवृत्तीने घरी गेले. या स्वेच्छेमागे कित्येक महिने उशिरा होणारे पगार होते, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. २०२१ मध्ये रेलटेल शेअर बाजारात आली आणि सरकारने आपला सुमारे २७ टक्के हिस्सा विकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने सार्वजनिक मालमत्तेतून पैसा उभा करण्याची सहा लाख कोटी रुपयांची यादी जाहीर केली. तिच्यात २ लाख ८६ हजार किलोमीटर फायबर आणि १४,९१७ टॉवर दाखवले होते.

या सनावळीत एक सूत्र आहे. जमीन रेल्वेची, खंदक खणणारे हात कामगाराचे, पैसा जनतेचा. आणि जाळे तयार होऊन कमाईला आले की मालकीचा प्रश्न निघतो. जिथे कमाई नाही तिथे मात्र खाजगी भांडवलाचा उत्साह दिसत नाही. १६ राज्यांतल्या खेड्यांपर्यंत फायबर नेण्याचे भारतनेटचे काम खाजगी भागीदारीतून करायचे, असे २०२१ मध्ये ठरले आणि त्यासाठी १९,०४१ कोटी रुपयांचे सरकारी साहाय्यही देऊ केले गेले. तरी निविदा भरायला कोणी फिरकले नाही. शेवटी २०२३ च्या सुधारित योजनेत ते ओझे पुन्हा बी.एस.एन.एल.च्याच डोक्यावर आले. मलई खाजगीची आणि ओझे सार्वजनिकाचे, हा न्याय आम्ही किती दिवस ऐकून घ्यायचा?

एकाच खंदकातले वलय

'केबल तुटली तरी स्विच आपोआप दुसऱ्या वाटेने प्रकाश वळवतो, मग दुरुस्तीची टोळी रात्री जागी कशाला?' या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे.

स्विच वळवेल, पण वळवायला दुसरी वाट असली तर. फायबरचे जाळे वलयासारखे बांधतात ते यासाठीच: एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने फिरून जाता यावे. पण खर्च वाचवण्यासाठी वलयाच्या दोन्ही बाजू एकाच खंदकात, एकाच पुलावरून, एकाच पाइपातून नेल्या, तर जे.सी.बी.चा एक फटका दोन्ही बाजूंना लागतो. नकाशावर ते वलय दिसते, जमिनीत ती एकच दोरी असते. अशा ठिकाणी जगातला सर्वांत महागडा स्विच लावला तरी तो बिचारा वळवणार कुठे?

आणि समजा दुसरी वाट आहे व स्विचने वाहतूक वळवली. त्या क्षणापासून जाळे एका पायावर उभे असते. पहिला तुटलेला भाग कोणी जोडला नाही, तर दुसऱ्या फटक्याला सगळे बंद. म्हणजे आपोआप चालणारा सांधा दुरुस्तीला थोडी उसंत देतो. दुरुस्ती स्वतः करत नाही. तुटले कुठे, हे ओ.टी.डी.आर. यंत्र किलोमीटरात सांगेल. पण त्या किलोमीटरावर अंधारात, पावसात, रुळाच्या कडेने चालत जायचे, चिखलातून केबल उचलायची, चोवीस तंतू रंगवार वेगळे करायचे, सोलायचे, पुसायचे, विजेच्या ठिणगीने एकेक वितळवून जोडायचा, हे काम माणसाचेच आहे. जोडणीच्या तोंडावर बसलेला एक धूळकण नऊ मायक्रॉनचा गाभा झाकू शकतो. हे करताना काचेचा कण बोटात शिरतो, आणि चालू तंतूतला न दिसणारा लेसर डोळ्याला इजा करू शकतो, हे कंत्राटदाराच्या रोजंदारी पोराला कोणी सांगितलेले असते का?

सांध्याबद्दल रेल्वे कामगाराला एक गोष्ट कोणीही शिकवायला नको. सांधा कुठल्या बाजूला आहे आणि पॅनेलवर कुठल्या बाजूला दिसतो, या दोन गोष्टी एक असल्या पाहिजेत. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूप लाइनला लागलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातल्या आणि फाटकाच्या कामाच्या वेळच्या त्रुटी कारण म्हणून नोंदल्या गेल्या. तिथला सांधा लोखंडाचा होता, प्रकाशाचा नव्हता. पण धडा तोच आहे: स्वयंचलित यंत्रणेत बदल करणाऱ्याला प्रशिक्षण हवे, तपासणीला वेळ हवा, सोबत दुसरा जाणकार हवा. रिकाम्या जागांवर आणि घाईवर चालणारा विभाग या तिन्ही गोष्टी देऊ शकत नाही. आज कंट्रोलचे फोन, आरक्षणाचे जाळे, स्टेशनास्टेशनांतली सिग्नलची माहिती फायबरवरून जाते. 'कवच' यंत्रणेसाठीही रुळांलगत फायबर लागते. या सांध्यांची देखभाल म्हणजे प्रवाशांच्या जिवाची देखभाल आहे. तिला 'सहायक काम' म्हणून निविदेत टाकणे हा गुन्हा आहे, असे आम्ही जाहीरपणे म्हणतो.

टपालातल्या भावांनो, हे तुमचेही आहे

टपाल खात्यातले काही साथी विचारतात, हा रेल्वेचा आणि दूरसंचारचा प्रश्न. आमचा काय संबंध? संबंध तुमच्या काउंटरवर रोज येतो. बचत खाते, मनिऑर्डर, स्पीड पोस्ट, विमा, सगळे संगणकाच्या जाळ्यावर गेले आहे. जाळे बंद पडले की पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी कुठल्या नियंत्रण कक्षाला शिव्या देत नाही. ती काउंटरमागच्या बाबूला देते. खेड्यातला ग्रामीण डाक सेवक हातातले यंत्र उंच धरून रेंज शोधत फिरतो आणि काम झाले नाही म्हणून खुलासा मात्र त्यालाच द्यावा लागतो. वायर ज्याच्या ताब्यात आहे तो दिसत नाही, आणि जो दिसतो त्याच्या ताब्यात काही नाही. सॉर्टिंगला यंत्रे आली तेव्हाही हाच प्रश्न होता: यंत्राने वाचवलेला वेळ कुणाच्या खात्यावर जमा होणार?

याउलट काही साथी म्हणतात, सरळ यंत्रालाच विरोध करा, एकही स्विच बसू देऊ नका. त्यांच्या मनातली भीती आम्हांला कळते, पण हा मार्ग आम्हांला मान्य नाही. सांधेवाल्याच्या हाताला लिव्हर ओढून घट्टे पडत, ते काम मोटरने केले याचे आम्हांला दुःख नाही. विजेची बचत देशाची बचत आहे. नवी यंत्रे आमच्या हातांनी बसावीत, आमच्या माणसांना शिकवून बसावीत. आणि आज हा स्विच लिव्हरने हलत नाही, दूरवरून दिलेल्या संगणकीय हुकुमाने हलतो. तो हुकूम देणारी खुर्ची सार्वजनिक खात्याची की कंत्राटदाराची, आज्ञावली आपल्याला उघडून पाहता येते की विकणाऱ्या कंपनीच्या कुलपात आहे, खरा झगडा इथे आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांच्या हवापाण्यात चालणारी एक्स्चेंज देशातच तयार करून दाखवली होती. आपल्या माणसांना हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो इतिहास वाचावा.

आमच्या मागण्या

१. रेल्वे आणि टपाल सेवांची वाहतूक जिथून वळवली जाते, ते नियंत्रण कक्ष सार्वजनिक मालकीत आणि कायम कर्मचाऱ्यांच्या हाती राहावेत.

२. नवे उपकरण बसवले या कारणावरून, जे.सी.एम.मध्ये वाटाघाट झाल्याशिवाय एकही पद गोठवू वा रद्द करू नये. दूरसंचार देखभालीच्या रिक्त जागा भराव्यात.

३. आज कामावर असलेल्या प्रत्येक मेंटेनरला तंतू जोडणी, चाचणी आणि स्विचच्या आज्ञावलीचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्यावे, आणि शिकलेल्या कौशल्याचा मोबदला वेतनात दिसावा.

४. वलयाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाटांनी जातात की नाही, याची पाहणी कर्मचारी प्रतिनिधींसह व्हावी.

५. कंत्राटी केबल कामगाराला चष्मा, हातमोजे, रुळावरचे संरक्षण आणि समान कामाला समान वेतन मिळावे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मान्य केलेले हे तत्त्व कंत्राटाच्या दाराशी थांबू नये.

६. जाळे बंद पडल्याच्या वेळेची नोंद काउंटरवर लागावी आणि त्याचा ठपका काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर ठेवू नये.

शाखांना आमची विनंती आहे की या मागण्या केवळ ठरावात ठेवू नयेत. आपल्या विभागात किती दूरसंचार पदे मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, गेल्या वर्षी केबल किती वेळा तुटली आणि ती कोणी जोडली, हे चार आकडे प्रत्येक शाखेने गोळा करून महासंघाकडे पाठवावेत. प्रशासन पुढच्या बैठकीत 'प्रकाश आपली वाट आपणच शोधतो' असे सांगायला आले, की हे आकडे टेबलावर ठेवू आणि विचारू: मग त्या रात्री चिखलात कोण उतरले होते?

कामगार एकजुटीचा विजय असो!